सहाध्यायी खुबेकाका

वाळूत पडलेला शंख उचलण्याआधी खुबेकाका तो हुंगायचे. गुडघे टेकायचे, दोन्ही तळवे जमिनीवर ठेवायचे आणि नाक पार वाळूपर्यंत न्यायचे. आत प्राणी जिवंत असेल तर वास वेगळा, मेलेला असेल तर वेगळा, आणि घर कधीचंच ओस पडलं असेल तर नुसतं मीठ नाकात जातं, असं ते सांगत. "घर रिकामं असेल तरच उचलायचं," हा त्यांचा नियम होता. सुट्टीच्या दिवशी अजमानच्या किनाऱ्यावर फिरायला आलेली माणसं थांबून बघायची. एकदा एका वॉचमनला वाटलं, म्हातारा उन्हानं कोसळला. तो पाण्याची बाटली घेऊन धावत आला. काकांनी पाणी पिऊन घेतलं, त्याला शुक्रिया म्हटलं आणि पुन्हा ओणवे झाले.

ते पेशानं वेल्डर. आमच्या कंपनीच्या दुबईतल्या रास अल खोरच्या यार्डात लोखंडी जिने आणि कठडे जोडायचे. राहायला अल कुसैसच्या कॅम्पात, एका खोलीत सहा जण. त्यांच्या पलंगाखाली एक पत्र्याची ट्रंक होती आणि तिच्यात औषधांच्या रिकाम्या डब्यांमधून शंखशिंपले ठेवलेले असत. खोलीतल्या कोकणातल्या मंडळींनीच त्यांचं नाव खुबेकाका पाडलं. खुबे म्हणजे खाडीत मिळणारे, खायचे शिंपले. काका, एवढे जमवलेत तर एकदा सार तरी करून घाला, असं कोणीतरी म्हणायचंच. काका हसायचे. पण प्रत्येक डबीत एक चिठ्ठी असे, आणि ती इकडची तिकडे झालेली त्यांना खपत नसे. चिठ्ठीवर कुठे मिळाला, भरती होती की ओहोटी, खाली वाळू होती की चिखल, एवढं लिहिलेलं असे. शंखाचं नाव सगळ्यात शेवटी, तेही पेन्सिलनं. नाव मागाहून बदलता येतं, जागा चुकली की तो शंख कचरा, असं त्यांचं म्हणणं.

मी त्याच कंपनीच्या ऑफिसात कागदपत्रांचं काम बघतो. व्हिसा, मेडिकल, इन्शुरन्स. इथे पोस्टमन दारावर येत नाही. कंपनीच्या नावानं पोस्टात एक पेटी असते, तिची किल्ली माझ्याकडे. त्या पेटीत बँकांची पत्रकं आणि सरकारी नोटिसा यांखेरीज काही निघत नसे. महिन्यातून एकदा मात्र भारतातली तिकिटं लावलेला, शाईच्या सुबक अक्षरातला एक जाड लिफाफा यायचा. सगळ्यांच्या खिशात मोबाइल असताना हातानं पत्र कोण लिहितं, या कुतूहलापोटी तो पहिला लिफाफा मी स्वतः यार्डात नेऊन दिला. काकांनी हातमोजे काढले, नळावर हात धुतले, शर्टाला पुसले आणि मग लिफाफा घेतला. उघडला मात्र नाही. संध्याकाळी वाचीन म्हणाले.

पुढच्या महिन्यात मी पत्र घेऊन गेलो तेव्हा त्यांनी मला बाजूला घेतलं. "पाटणकर, तुम्ही शिकलेले आहात. सहाध्यायी म्हणजे काय हो?"

मी म्हटलं, बरोबरीनं शिकणारा. आपल्यासोबत अभ्यास करणारा.

 काका म्हणाले की सरांनी गेल्या पत्राची सुरुवात 'प्रिय सहाध्यायी' अशी केली आहे, आपल्याला वाटलं काही चुकलं म्हणून रागानं लिहिलं की काय. ते सातवीपर्यंत शिकलेले होते. सर म्हणजे रत्नागिरीकडच्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ.

ही ओळख कशी झाली ते काकांनी मला तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. दुबई मरीना तेव्हा व्हायची होती. आज जिथे उंच इमारतींच्या पायथ्याशी लोक बोटी बघत कॉफी पितात, तिथे वाळू उपसून समुद्र आत घ्यायचं काम चाललं होतं आणि काका तिथे जोडकामाला होते. उपसलेल्या वाळूत त्यांना बोटभर लांबीचा, मळसूत्रासारखा पिळाचा शंख मिळाला. असा त्यांनी गावच्या खाडीत शेकड्यांनी पाहिला होता. त्याच सुमारास घरून लोणच्याची बरणी आली, ती एका जिल्हा वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती. त्या कागदावर सरांचा लेख होता, आणि त्यात नेमकं लिहिलं होतं की हा शंख कांदळवनाच्या चिखलाखेरीज कुठे जगत नाही. काकांनी वर्तमानपत्राच्या पत्त्यावर पत्र टाकलं. आपण लिहिता ते बरोबर दिसत नाही, मला हा वाळवंटात मिळाला, इथे कोसभर हिरवं पान नाही. सोबत शंख, कापसात गुंडाळून.

सरांचं उत्तर तीन ओळींचं होतं आणि ते काकांना पाठ होतं. "माझं चुकलेलं नाही. तुमच्या वाळवंटाचं चुकलं आहे. तिथे कधीकाळी कांदळवन असणार, तेव्हा आणखी शोधा."

काका आणखी शोधू लागले. त्यातून दोघांनी मिळून एक काम हाती घेतलं. समुद्र एकच, त्याच्या या काठावर काय सापडतं आणि त्या काठावर काय, याची यादी. इकडचा काठ काकांचा, तिकडचा सरांचा. गावी जाणाऱ्या माणसाच्या हाती काका शंखांच्या पुड्या पाठवत. सरांनी घरी एक लाकडी कपाट करून घेतलं होतं, त्याच्या खणांमध्ये दोन्ही काठांचे शंख शेजारी शेजारी मांडत होते. सरांनी एका पत्रात लिहिलं होतं की दोनशे वर्षांपूर्वी निसर्गाचे अभ्यासक असंच करायचे. कोणी जहाजावर, कोणी दूरच्या बेटावर, कोणी आपल्या गावच्या घरात. पेट्या भरून नमुने पाठवायचे, पत्रांतून भांडायचे, एकाचं पत्र दुसऱ्याच्या हाती पडायला सहा सहा महिने लागायचे. कधी ते पोचेपर्यंत पाठवणारा मेलेला असायचा. त्यांतले कितीतरी एकमेकांना आयुष्यात भेटले नाहीत, तरी त्यांची मैत्री जन्मभर टिकली. हा मजकूर काकांनी मला दोनदा वाचून दाखवला. वेल्डिंगच्या ठिणग्यांनी भोकं पडलेल्या शर्टातला तो माणूस त्या वेळी जरा ताठ बसला होता.

ते दोघं मात्र एकदा भेटले होते. काका सुट्टीवर गेले असताना एसटीनं सरांच्या गावी गेले. सरांनी पडवीत बसवलं, चहा झाला, आणि मग दोघांनाही बोलायला काही सुचेना. कपाट बघून झालं. सर खाकरले, काकांनी पावसाचं विचारलं. तासाभरानं काका उठले तेव्हा सर म्हणाले, "असं करा, तुम्ही गेल्यावर मी लिहितो." आणि काका दुबईला पोचायच्या आत आठ पानी पत्र येऊन पडलं होतं.

या काठावर तो पिळाचा शंख काकांना नेहमी मेलेलाच मिळाला. जिवंत बघायचा म्हणून किती सुट्ट्या त्यांनी घालवल्या असतील. उम्म अल कुवैन झालं, रास अल खैमा झालं. शेवटी कोणाच्या तरी पिकअपमधून डोंगर ओलांडून ते पलीकडच्या किनाऱ्याला कल्ब्याला गेले. तिथे राखीव कांदळवन आहे. कुंपणाबाहेरच्या चिखलात, ओहोटीच्या वेळी, त्यांना तो चालताना दिसला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आपणहून ऑफिसात आले, जे ते कधी करत नसत, आणि माझ्या टेबलासमोर उभे राहून म्हणाले, "चालत होता, पाटणकर." एवढंच सांगून यार्डात गेले. त्यांनी त्याला हात लावला नव्हता, पाठवण्यासारखं काही आणलं नव्हतं. फक्त पत्र गेलं.

एकदा मी त्यांना घरी जेवायला बोलावलं. माझी मुलगी इथेच वाढलेली, तिला मराठी समजतं पण उत्तर इंग्रजीतून येतं. काका तिला शिंपल्याच्या वाढीच्या रेघा दाखवत होते. ते हात धुवायला गेले तेव्हा तिनं मला विचारलं, "इज ही अ सायंटिस्ट, बाबा?" मी म्हटलं, नाही, वेल्डर आहेत. ते मी किती पटकन म्हटलं, ते मला अजून आठवतं.

मग डोळ्यांचं सुरू झालं. एका महिन्यात मी पत्र दिलं तर काका म्हणाले, चष्मा खोलीवर राहिला, जरा वाचता का? पुढच्या महिन्यात चष्म्याची काडी तुटली होती. तिसऱ्या महिन्यात त्यांनी काही कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. यार्डात चालताना ते बाजूला पडलेल्या पाइपांना अडखळत. समोरचं दिसायचं, कडेचं नाही. मी डॉक्टरांकडे चला म्हटलं. ते म्हणाले, कंपनीच्या इन्शुरन्सवर गेलो की कागद तुमच्याच फायलीत येणार, आणि आंधळ्या वेल्डरला कोण ठेवतं? पुढे म्हणाले, "दीड वर्ष द्या मला. रास अल खैमाच्या वरचा काठ राहिलाय. यादी पुरी होऊ दे."

घर चालवायचं होतं, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण तेही होतंच. मी गप्प राहिलो. फायलीत काही येऊ दिलं नाही. खाजगी दवाखान्यात घेऊन जाता आलं असतं, माझी गाडी होती, पण आज नाही उद्या करत राहिलो. आठ महिने गेले. मला तेव्हा वाटत होतं की मी त्यांच्यावर उपकार करतोय.

त्या आठ महिन्यांत मी दर पत्र त्यांना वाचून दाखवलं आणि त्यांची उत्तरं लिहून घेतली. यार्डाच्या मागे, कंटेनरच्या सावलीत, जेवणाच्या सुट्टीत. आणि तिथेच मला कळायला लागलं की सरांचंही काही बरं नाही. आधी एक परिच्छेद दोनदा आला. मग जे शंख दहा वर्षांपूर्वी यादीत गेले होते त्यांच्याबद्दल प्रश्न आले. हा कोणता, आपल्याकडे मिळतो का? अक्षर तसंच सुबक होतं. एकदा मी पुन्हा आलेला मजकूर गाळून पुढे गेलो. काकांनी हात वर केला. म्हणाले, "पान लवकर उलटलंत. सगळं वाचा."

मी वाचलं. तोच प्रश्न, त्याच शब्दांत, तिसऱ्यांदा. मी जरा वैतागून म्हणालो की काका, हे आपण गेल्या पत्रात लिहिलंय. काका म्हणाले, "माझे नवे दिवस होते तेव्हा मी त्यांना एकच गोष्ट चारदा विचारली होती. चारदा लिहिलं त्यांनी. लिहा तुम्ही."

मी लिहिलं. ज्या माणसानं त्यांना नावं शिकवली त्यालाच ते ती नावं परत शिकवत होते. आणि डब्यांमधल्या आपल्याच चिठ्ठ्या आता त्यांना वाचता येत नव्हत्या. बोटं फिरवून शंख ओळखायचे, जागा आठवून सांगायचे.

सरांचं शेवटचं पत्र अर्ध्या पानाचं होतं. वर नुसतं 'प्रिय', पुढे काही नाही. मधे एका शंखाचं रेखाचित्र, नावाची जागा कोरी. खाली एक ओळ होती. "आपली पत्रे मला येतात. आपण कोण, हे कृपया कळवावे."

ही ओळ वाचताना मी अडखळलो. वाटलं, काहीतरी दुसरंच सांगावं. पण पान लवकर उलटलेलं ज्याला ऐकू येतं त्याच्याशी खोटं कसं बोलणार? मी वाचली. काकांनी पत्र मागून घेतलं, घडी घातली, खिशात ठेवलं. सुट्टी संपल्याची शिटी झाली तरी ते उठले नाहीत. सुपरवायझर लांबून ओरडला, यल्ला काका, चला. तेव्हा उठले, आणि कंटेनरचा पत्रा चाचपत गेले.

उत्तर सांगायला त्यांना तीन दुपारी लागल्या. मी वेल्डर आहे, रास अल खोरला काम करतो, आपण मला बावीस वर्षं शंख शिकवलेत, अशी सुरुवात होती. पुढे अख्खी यादी. पहिल्या शंखापासून, प्रत्येकाचं नाव, इकडची जागा, तिकडची जागा. सगळं तोंडपाठ. माझे हात दुखले. शेवटी सही करायला त्यांनी पेन घेतलं आणि कागदाबाहेर माझ्या मांडीवर रेघ ओढली.

त्याच आठवड्यात यार्डात त्यांचा पाय प्लेटांच्या ढिगात अडकला, ते पडले आणि हातातली वेल्डिंगची पेटती टॉर्च शेजारच्या माणसाच्या दंडाला लागली. तो वाचला, पण मोठा भाग भाजला. मग मेडिकल झालंच. डोळ्यांच्या डॉक्टरनं यंत्रात पाहिलं आणि मला, त्यांना नव्हे, विचारलं, "पहले क्यों नहीं लाए?" काचबिंदू होता. वेळेवर थेंब सुरू झाले असते तर तेव्हा उरलेली दृष्टी टिकली असती, गेलेली आता परत येणार नव्हती. काका शेजारी बसून ऐकत होते. बाहेर आल्यावर मी काहीतरी बोलू लागलो, तर म्हणाले, "मीच नको म्हटलं होतं." त्यांनी मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. भाजलेल्या माणसाला ते रोज फोन करत होते, त्यानं दोनदाच उचलला.

त्यांचा व्हिसा रद्द करायचे कागद मीच केले. विमानतळावर सोडायला गेलो तेव्हा त्यांनी ट्रंक बरोबर घेतली आणि यादीच्या वह्या माझ्याकडे दिल्या. इकडच्या काठाच्या वह्या इकडेच राहू देत म्हणाले. तिकडच्या सरांकडे आहेतच. व्हीलचेअरवाला त्यांना आत घेऊन गेला. वळून बघायची त्यांची सवय एव्हाना गेली होती.

गावी पोचल्यावर महिनाभरात ते काकींना घेऊन सरांकडे गेले. ते काय झालं हे मला त्यांनीच फोनवर सांगितलं, अगदी सावकाश, मधे न थांबता. सर पडवीत बसले होते. काकांनी नाव सांगितलं, गाव सांगितलं, दुबई सांगितलं. सरांनी आत हाक मारून सुनेला सांगितलं की कोणीतरी विकायला आलंय, आपल्याला काही नको. सून बाहेर आली. ती चांगली होती, काका म्हणाले, तिनं ओळखलं. आमचं शेवटचं पत्र तिनं सरांना वाचून दाखवलं होतं, एकदा नव्हे, पंधरा दिवस रोज दुपारी. नावं ऐकताना ते शांत बसायचे. मग एके दिवशी कानांवर हात ठेवले, तेव्हापासून वाचणं बंद.

काकांनी कपाटाचं विचारलं. सून रडायलाच लागली. सर शंख तोंडात घालायला लागले होते. जीभ कापली, एकदा एक गिळला, रात्रभर दवाखान्यात काढावी लागली. नवरा परगावी, ती एकटी. डॉक्टर म्हणाले घरात ठेवू नका. पावसाआधी अंगणात कोबा घालायला गवंडी आला होता, त्याला खण रिकामे करून दिले. चिठ्ठ्या आणि वह्या न्हाणीच्या बंबात गेल्या. काकांची पत्रं तेवढी राहिली होती, कारण तो गठ्ठा सर हातातून सोडत नव्हते. वाचत नव्हते, पण सोडतही नव्हते. तिनं तो परत देऊ का विचारलं. काका नको म्हणाले.

निघताना ते अंगणातून अनवाणी चालले. चपला पायरीपाशीच राहिल्या. कोबा खडबडीत होता, आणि पायाखाली त्यांना शंख लागले. काकींना वाटलं ते अडखळले, त्यांनी हात घट्ट धरला. काका म्हणाले थांब. तिथेच उभे राहिले. काही ओळखू आले, काही नाही आले, असं त्यांनी मला सांगितलं. कोणते ते मी विचारलं नाही. ते एवढंच म्हणाले की त्या मुलीचं काही चुकलं नाही.

दोन महिन्यांनी सर गेले. मी काकांना फोन केला. विचारलं की समुद्रावर जाता का, काकी नेतील की, हातांनी तर ओळखता येतं. काका म्हणाले, समुद्र दहा मिनिटांवर आहे, पण जात नाही. जाऊन सांगायचं कोणाला?

मी म्हटलं, मला सांगा. मी लिहून घेईन, तुमच्या वह्या माझ्याकडेच आहेत.

 त्यांच्या मागे कुठेतरी कुकरची शिटी झाली. मग ते म्हणाले, अगदी प्रेमानं, "तुम्ही ऐकाल, पाटणकर. पण हे चूक आहे, पुन्हा जाऊन बघून या, असं तुम्ही मला म्हणणार नाही."

त्यानंतर त्यांनी माझ्या मुलीची परीक्षा कधी आहे ते विचारलं आणि फोन काकींकडे दिला.